उंचीसाठी पाहिलेला मामा

मी भिवंडीतल्या एका शाळेत पीटी शिकवतो. म्हणजे सकाळी प्रार्थनेच्या रांगा सरळ करतो, कोणी मास्तर रजेवर असले की त्यांच्या वर्गावर जाऊन बसतो, निवडणुकीच्या ड्युटीला जातो आणि उरलेल्या वेळात मुलांना बास्केटबॉल शिकवतो. हा शेवटचा भाग मी स्वतःच्या खुशीने करतो, त्यामुळे शाळेत कोणी त्याला काम समजत नाही. मी लवकर चिडतो, हेही आधीच सांगून टाकतो. पुढे आश्चर्य नको.

आमचं कोर्ट शाळेच्या मागे आहे, सिमेंटचं. एका रिंगच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडे पॉवरलूमचा कारखाना. लूम चालू असले की माझी शिट्टी मला स्वतःलाही ऐकू येत नाही. त्यामुळे आमची मुलं हातवाऱ्यांवर खेळायला शिकली. बाहेरचा संघ आला की पहिली दहा मिनिटं ते एकमेकांना नुसतं "काय? काय?" विचारत फिरतात, आणि तेवढ्यात आम्ही आठ-दहा गुण करून घेतो. नंतर हरतो, पण सुरुवात चांगली होते.

हरण्याचं कारण उंची. बास्केटबॉलमध्ये रिंगखाली जो उभा राहतो त्याला सेंटर म्हणतात. समोरच्याला पाठीने रेटायचं, रिंगला लागून परत आलेला चेंडू सगळ्यांच्या वरून काढायचा, हे त्याचं काम. त्याला उंच मुलगा लागतो, आणि उंच मुलगा निवडण्याइतका डोक्याला ताप दुसरा नाही. बुटका मुलगा कसा खेळतो ते समोर दिसतं. उंच मुलगा चौदाव्या वर्षी खेळतच नसतो, नुसता वाढत असतो. आज स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणारा चार वर्षांनी कोणाला जवळ येऊ देत नाही. आणि आज सगळ्यांना नाचवणारा चार वर्षांनी तेवढाच राहतो, बाकीचे त्याच्या डोक्यावरून बघायला लागतात. मग आजचा खेळ बघायचा की उद्याची उंची? मला कोणी विचारलं की मी छातीठोकपणे सांगायचो, उंची बघा. नेम शिकवता येतो, पाय कसे टाकायचे ते शिकवता येतं. उंचीचा तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो.

मुलगा अजून किती वाढणार हे ओळखायची माझी पद्धत होती. बूट बघायचा, मनगट बघायचं आणि मामा बघायचा. बूट आणि मनगट सगळेच बघतात, मामा हा माझा शोध. बाप बघून मी तीनदा फसलो होतो. सहा फुटी बापांची ती पोरं पाच-सातवर येऊन थांबली, आणि तिघांचेही मामा पाच-पाच, पाच-सहा निघाले. आपल्याकडे म्हणतातच, पोरगं मामाच्या वळणावर जातं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हापासून कोणी उंच मुलगा सापडला की मी त्याच्या घरी जायचो, चहा घ्यायचो आणि सहज विचारल्यासारखं मामाची चौकशी करायचो. डॉक्टर लोक याला काय म्हणतील मला माहीत नाही. मी डॉक्टरांना विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बाहेरगावच्या एका निवासी अकादमीचं पत्र आलं. सोळा वर्षांखालचा एक सेंटर हवा. राहणं, खाणं, शाळा, बूट सगळं त्यांचं. आमच्या भागातून नाव पाठवायचं काम माझ्याकडे होतं. नाव एकच पाठवायचं.

माझ्याकडे मुलं दोन होती.

पहिला राहनाळचा. वय चौदा, उंची सहा-दोन, बुटाचा नंबर बारा. त्यांच्या जमिनीवर आता गोडाऊन उभी आहेत. चार गोडाऊन, दोन मजली बंगला, दारात गाडी. पोरगा स्वभावाने गरीब गाय. चेंडू मात्र त्याच्याकडे टाकला की चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय हातात दिल्यासारखा झेलायचा आणि लगेच सोडायचा. "अरे, चावतंय का ते?" असं मी ओरडलो की तो "न्हाय सर" म्हणायचा. प्रामाणिक उत्तर होतं.

दुसरा मुलगा माझा.

माझा म्हणजे माझाच, घरचा. नुकतीच पंधरा पूर्ण झाली होती आणि उंची पाच-अकरा. आमच्या संघात दुसरा कोणी उंच नव्हता म्हणून मी त्याला बाराव्या वर्षी रिंगखाली उभा केला. तीन वर्षं तो तिथे मार खात उभा राहिला आणि मार खाता खाता शिकला. उजव्या खांद्यावरून वळतोय असं दाखवायचं आणि डाव्या पायावर फिरून मोकळं व्हायचं, हे त्याचं खास. डाव्या हाताने टाकता यावं म्हणून तो जेवताना वरणभात डाव्या हाताने कालवायचा. त्याच्या आईने त्यासाठी त्याला दोनदा ताटावरून उठवलं. कोर्टावर तो मला सर म्हणायचा, आणि मी इतर मुलांना जेवढं झापतो त्याच्या दुप्पट त्याला झापायचो. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून.

शिफ्ट सुटली की लूमवरचे कामगार भिंतीवर येऊन बसायचे आणि आमचा सराव बघायचे. त्यांनी दोघांनाही नावं ठेवली होती. राहनाळचा तो खंबा आणि माझा तो कारीगर. त्या एप्रिलमध्ये मी दोघांना समोरासमोर खेळवलं. अकरा गुणांचा डाव होता. माझ्या मुलाने अकरा केले, राहनाळच्याने दोन, त्यातला एक चुकून. भिंतीवरून एक म्हातारा कामगार मला म्हणाला, "सर, कारीगर को भेजो. खंबा तो कहीं भी खड़ा रहेगा."

"चाचा, आप लूम देखो," मी म्हणालो. मला त्याचा राग आला होता. खेळातलं त्याला काय कळतं?

अकादमीच्या फॉर्मवर दोन रकाने होते. सध्याचं कौशल्य, दहापैकी. भविष्यातली क्षमता, दहापैकी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की क्षमतेला प्राधान्य द्यावं. माझ्या मुलाच्या कौशल्याला मी नऊ दिले. क्षमतेला आधी पाच लिहिले, मग खोडून चार केले. त्याचा मामा मला चांगलाच ठाऊक होता. माझा मेहुणा, अंबाडीला खतांचं दुकान, उंची पाच-चार, तीही टोपीसकट. मनाने राजा माणूस. पोराचे पहिले बास्केटबॉलचे बूट त्यानेच घेऊन दिले होते. पण फॉर्मवर मनाचा रकाना नव्हता.

राहनाळच्याला कौशल्यात दोन दिले. क्षमतेचा रकाना रिकामा ठेवला, कारण मामा बघायचा राहिला होता. त्या मुलाला सांगितलं, "रविवारी घरी येतो. मामांना बोलावून घ्या म्हणून सांग घरी. मला त्यांना बघायचंय."

इथे माझी चूक झाली, पण ती तेव्हा मला कळली नाही.

रविवारी स्कूटरवरून राहनाळला गेलो. दारात रांगोळी होती. बैठकीत सोफ्यावर नवीन चादरी, टीपॉयवर पोहे, लाडू, बर्फी, सरबत. घरातली सगळी माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. मुलाचा बाप पुढे येऊन हात जोडून म्हणाला, "या सर, बसा. कवापासून वाट बगतोय तुमची." मुलाला मधल्या खुर्चीवर बसवला होता, केसांना तेल लावून. त्याची आई पदर सावरून दारात उभी. मला वाटलं, काय अगत्य आहे या लोकांचं. आमच्याकडे मास्तर आला तर आधी कोणी फीबद्दल आला का ते बघतात.

पोहे झाले. मग बापाने आत बघून हाक मारली आणि मामा बाहेर आला.

काय माणूस होता! सहा-तीन तरी असेल, वरून फेटा, मिशा भरदार, खांदे दाराच्या दोन्ही बाजूंना लागतील असे. मी पटकन उभा राहिलो. माझं डोकं त्याच्या खिशापर्यंत आलं. मनातल्या मनात मी क्षमतेच्या रकान्यात दहा लिहून मोकळा झालो.

"हे मामा?" मी विचारलं.

"मामा हाय ना," बाप म्हणाला.

मी त्या माणसाला विचारलं, "तुमच्याकडे सगळे असेच उंच का?" तो म्हणाला, "हां." "तुमची उंची कितव्या वर्षापर्यंत वाढत होती?" "हां." "भाचा लहानपणी तुमच्याकडे असायचा?" त्याने एकदा बापाकडे बघितलं आणि म्हणाला, "हां." मी ठरवलं की माणूस मितभाषी आहे. मोठी माणसं कमी बोलतात. मी त्याला चौकटीपाशी उभं करून डोळ्यांनी माप घेतलं, मनगटही धरून बघितलं. त्याने बिचाऱ्याने मुकाट्याने धरू दिलं. मी बूट बघायला खाली वाकलो तेव्हा मात्र तो दोन पावलं मागे सरकला. माडीवर कोणीतरी खोकलं. मुलाच्या आईने घाईघाईने मला आणखी पोहे वाढले.

निघताना त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला.

घरी येऊन बेरीज केली. माझ्या मुलाचे तेरा, राहनाळच्याचे बारा. मी तो फॉर्म तासभर समोर ठेवून बसलो. खाली लिहिलंच होतं की क्षमतेला प्राधान्य. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. मला गाव बोलेल याची भीती वाटत होती. मास्तरने स्वतःच्याच पोराला घुसवला, असं कोणी म्हटलं असतं तर मला ते सहन झालं नसतं. मी ज्याला शास्त्र म्हणत होतो त्यात बरीचशी ही भीती मिसळलेली होती. मी राहनाळच्या मुलाचं नाव पाठवलं.

जेवताना घरी सांगितलं. मुलाने घास तसाच धरून ठेवला. मग विचारलं, "माझं काय कमी पडलं?"

"खेळात काही नाही," मी म्हणालो. "उंची थांबेल तुझी. मामावर गेलायस."

माझी बायको ताटावरून उठली. भांडं आपटलं नाही, नुसती उठली. मी म्हणालो, "अगं, यात माहेर काढण्यासारखं काही नाही. हे शास्त्र आहे." त्यावर ती आतून म्हणाली, "अहो, माझ्या भावाला फूटपट्टी लावायला तुम्हाला कोणी बोलावलं होतं?" पुढे आठ दिवस माझ्याशी बोलणं फक्त भाजीबद्दल. तेही मुलामार्फत.

मुलगा मात्र रडला नाही की भांडला नाही. दोन महिने सरावाला येत राहिला. आणि त्याच दोन महिन्यांत एक चमत्कार झाला. राहनाळचा मुलगा सुधारायला लागला. आधी चेंडू हातात राहायला लागला. मग पाठ लावून उभा राहायला लागला. मे संपता संपता एक दिवस तो उजव्या खांद्यावरून वळतोय असं दाखवून डाव्या पायावर फिरला आणि चेंडू अलगद रिंगमध्ये टाकला. मी आनंदाने ओरडलो. शाळेत, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याला सांगितलं, बघा, याला म्हणतात क्षमता. आतच होतं त्याच्यात, फक्त ओळखणारा डोळा पाहिजे. हा डोळा कोणाचा, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं होतं.

जूनमध्ये तो मुलगा अकादमीत गेला. माझा मुलगा त्या जूनपासून कोर्टावर आला नाही. दहावी आहे, म्हणाला. दहावी होतीच, त्यामुळे मला बोलता येईना. त्याचे बूट दाराशी तसेच पडून होते. बायकोने एक दिवस ते धुवून माळ्यावर टाकले.

दिवाळीत भाऊबीजेला अंबाडीला गेलो. ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि मेहुणा मला बाजूला दुकानात घेऊन गेला. खतांच्या गोण्यांमध्ये उभा राहून म्हणाला, "दाजी, एक विचारू? पोराचं माझ्यामुळे राहिलं म्हणतात, ते खरं काय?"

मी म्हणालो, "तसं नाही हो."

"माझे वडील उंच होते," तो म्हणाला. "मीच कसा राहिलो कुणास ठाऊक. लहानपणी दूध पीत नव्हतो." मग हात जोडून म्हणाला, "माफ करा." चाळीशी उलटलेला माणूस, दोन मुलांचा बाप, स्वतःच्या उंचीची माझ्याकडे माफी मागत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्याचे हात खाली केले आणि म्हणालो, चला, चहा थंड होतोय.

पुढच्या मे महिन्यात राहनाळहून लग्नाची पत्रिका आली. त्या मुलाच्या मोठ्या बहिणीचं लग्न. बायको म्हणाली, तिथल्या मामांना माझा नमस्कार सांगा, आणि आली नाही. मी आणि मुलगा गेलो.

भर दुपारचं लग्न, शेतात मांडव, बाहेर दोनशे गाड्या. फाटकात तोच उंच माणूस शिट्टी घेऊन गाड्या लावत होता. मी म्हणालो, "नमस्कार मामा, तुम्ही इथे? आत चला, तुमचा आज मान."

"हां," तो म्हणाला आणि माझी स्कूटर दोन टेम्पोंच्या मधे लावून दिली.

मला ते फार आवडलं. मुलीचा सख्खा मामा उन्हात उभा राहून पाहुण्यांच्या गाड्या लावतोय. मी मुलाला म्हणालोसुद्धा, "बघ, एवढा मोठा माणूस, पण गर्व नाही." मुलगा खाली वाकून चपला काढत होता.

मुहूर्त जवळ आला. नवरदेव पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला, अक्षता वाटल्या. भटजींनी माइक हातात घेऊन सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मी मागे वळून फाटकाकडे बघायला लागलो. तिथून कोणी आलं नाही. समोर बघितलं तर खोलीतून नवरी येत होती, आणि तिचा हात धरून एक गृहस्थ. कोरी टोपी, कोरं धोतर, चेहऱ्यावर भाचीच्या लग्नाचं सगळं समाधान. उंची पाच-तीन.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता टाकल्याच नाहीत, मुठीतच राहिल्या. ते गृहस्थ नवरीच्या मागे उभे होते आणि पलीकडून फक्त त्यांची टोपी दिसत होती.

जेवणाच्या पंगतीआधी मी मुलाच्या बापाला गाठलं. "ते मामा कोण?" मी विचारलं.

"कोनते?"

"आत्ता नवरीला घेऊन आले ते."

"ते मामा हाय. माज्या बायकोचा सख्खा भाऊ."

"आणि फाटकातला?"

"तो? तो ट्रेलरचा डायव्हर. हरियाणाचा हाय. गोडाऊनला माल घेऊन येतो." मग तो हसला. लाजला वगैरे नाही, मोकळा हसला. "सर, तुमीच बोलले ना बगायला येतो म्हणून? बगायला येनाऱ्याला कोन सगळं खरं दाखवतो? मुलगी बगायला येतात तवा चष्मा काढूनच बसवतात ना? आमाला कळलं तुमी मामाची उंची बगता. मामाला माडीवर बसवला त्या दिवशी. बिचाऱ्याने वरतीच पोहे खाल्ले."

मी चिडायला हवं होतं. एरवी मी शिट्टी हरवली तरी तासभर चिडतो. पण त्या दिवशी चिडता येईना, कारण तो बरोबर बोलत होता. मी पोरगा निवडायला गेलोच नव्हतो. मी स्थळ बघायला गेलो होतो, आणि त्यांनी स्थळ दाखवलं.

तेवढ्यात तो मुलगा आला आणि माझ्या पाया पडला. अकादमीतून सुट्टीला आला होता. खांदे भरले होते, चालण्यात ऐट आली होती. उंची सहा-दोनच. वर्षात एक बोटही हललं नव्हतं. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"चांगलं चाललंय, सर. पयल्या महिन्यात घरी पाठवनार होते, पन तिकडच्या सरांनी माजा पाय बगितला. डाव्या पायावर फिरतो ना मी, तो. इचारत होते, हे तुला कोनी शिकवलं?"

"मग?" मी म्हणालो. माझी मान आपोआप थोडी ताठ झाली. सवयच ती.

"मी सांगितलं," तो म्हणाला आणि माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, "यांनी शिकवलं. एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी, तुमी यायच्या आदी. यांनी शिकवलं नसतं तर मी तिकडं आठ दिवस पन टिकलो नसतो."

दोघं शेजारी शेजारी उभे होते. माझा मुलगा त्याच्या जवळजवळ बरोबरीला आला होता. सहा फूट तरी पुरा झाला असेल. कधी झाला ते मला माहीत नव्हतं. भिवंडीतल्या प्रत्येक पोराला मी भिंतीला लावून मोजतो. याला मी वर्षभरात मोजलं नव्हतं. मापाचं काम संपलं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

जेवण गोड लागलं नाही. परतीला अंजूरफाट्यापाशी नेहमीसारखा जाम लागला. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. मी स्कूटर बंद केली. समोर बघतच विचारलं, "तो मामा खोटा आहे हे तुला माहीत होतं?"

"हो," मुलगा मागून म्हणाला. "त्याने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला रात्रभर झोप लागली नव्हती."

"मग तू मला बोलला का नाहीस?"

"बाबा, तुम्ही तीन वर्षं मला रोज खेळताना बघत होता. ते बघून तुम्हाला पटलं नाही. मग दुसऱ्याचा मामा बुटका आहे हे ऐकून काय पटणार होतं?"

बाजूच्या टेम्पोवाल्याने उगाचच हॉर्न मारला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"आणि त्याला शिकवलंस कशाला? तुझी जागा घेतली होती त्याने."

"त्याला चेंडू धरता येत नव्हता हो. तसाच गेला असता तर आठ दिवसांत परत आला असता. सगळ्यांनी तुम्हाला नावं ठेवली असती."

मी तिथेच, त्या धुरात, स्कूटरचं हॅण्डल धरून बसलो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. मी लोकांच्या बोलण्याला घाबरून त्याचं नाव गाळलं, आणि लोकांनी मला बोलू नये म्हणून तो पहाटे उठून स्वतःची विद्या दुसऱ्याला देत होता. माझी चूक झाली, हे शब्द मी घरात कधी वापरलेले नाहीत. त्या दिवशी वापरले. म्हणालो, "माझी चूक झाली रे. फार मोठी झाली." मग मी घाईघाईने म्हणालो, "जूनमध्ये अकादमीची परत निवड आहे. आजच फॉर्म भरतो. तुझंच नाव पाठवतो. कोण काय म्हणायचं ते म्हणू दे."

"बाबा," तो हळूच म्हणाला, "ती सोळा वर्षांखालच्यांची आहे."

"मग?"

"मला सोळा पूर्ण झाली."

भिवंडीतल्या प्रत्येक खेळाडूचा जन्मदाखला माझ्या हाताखालून जातो. कोणाच्या तारखेत दोन दिवसांची खाडाखोड असली तरी मी पकडतो. माझ्या मुलाचा वाढदिवस गेल्याच महिन्यात झाला होता. केक मीच आणला होता. बेकरीवाल्याने विचारलं होतं, वर कितवा लिहू? मी म्हणालो होतो, राहू दे, नुसतं नाव घाल.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. हेल्मेट काढता येईना आणि काचेच्या आत हात जाईना. मागून त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बाबा," तो म्हणाला, "पुढची गाडी सरकली. चला."